बाईसाहेबांचा आडोसा

नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा त्याने सोफा घेतला आणि मी कोळीण घेतली. सोफा आता कुरकुरतो असं कानावर आलंय. कोळीण ठणठणीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्या घरात माझं म्हणणं मुकाट्याने ऐकून घेणारी तीच एक होती. टॅरँट्युला म्हणतात तिच्या जातीच्या कोळ्यांना. तळहाताएवढी, केसाळ, तपकिरी. काचेच्या पेटीत मातीवर राहते, अधूनमधून एखादा किडा खाते आणि उरलेला वेळ काहीही करत नाही. तिचा तो थाट बघून मी तिला बाईसाहेब म्हणायला लागले.

अप्पांना झटका आला, त्यांची उजवी बाजू लुळी पडली, आणि मी दोन बॅगा आणि काचेची पेटी घेऊन त्यांच्याकडे राहायला आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरल्या भावाचं बिऱ्हाड वेगळं, त्यामुळे घरात दुसरं कोणी नव्हतंच. सामानाच्या त्या धांदलीत बाईसाहेब ज्याच्या खाली लपून बसायच्या ते झाडाच्या सालीचं कवच तुटलं आणि पार भुगा झाला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. वाटण्यासारखं घरात दुसरंच बरंच काही होतं.

अप्पांनी जन्मभर कवळ्या केल्या. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि अप्पा मागच्या खोलीत बसून दात घडवायचे. त्यांच्या कवळ्या घालून लोक लग्नात मिरवले, भांडले, सुपाऱ्या फोडत बसले. आता ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. मी काय पाळण्यातलं बाळ आहे का, असं त्या बाईंना तोंडावर विचारलं.

माझ्या दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, मागची खोली रिकामी करायची ठरवलं. त्याच्या ओळखीचा एक सुतार कामाचं टेबल न्यायला तयार होता. महिनाअखेरच्या रविवारी दोघं येऊन उचलणार होते. दादा वाईट नाही. धूळ खात पडलेलं टेबल रोज डोळ्यांसमोर असलं की अप्पांना त्रास होतो, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या."

त्या "न्या"ने माझं डोकं फिरलं. मी गाडी चालवायला शिकवते. चौकाच्या मधोमध इंजिन बंद पाडणारी माणसं मी रोज बघते, मागून हॉर्न वाजत असतात, आणि मी त्यांना सांगते, चावी फिरवा, पुन्हा सुरू करा. इंजिन बंद पडलं म्हणून गाडी भंगारात काढलेली मी अजून पाहिली नाही. ते टेबल गेलं तर अप्पा त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. ते टेबल जाऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं. कसं, ते काही सुचत नव्हतं.

सुचवलं ते बाईसाहेबांनी. त्यांनी खाणं सोडलं. पोट काळपट झालं आणि पेटीच्या कोपऱ्यात काचेला अंग लावून त्या उघड्यावर बसून राहिल्या. कात टाकायची वेळ जवळ आली की असं होतं. कात टाकताना कोळीण उताणी पडते आणि जुन्या कातडीतून एकेक पाय सोडवून घेते. घाबरलेली असली, धक्के बसत असले, तर एखादा पाय आत अडकतो, आणि कधी कधी त्यातच जीव जातो. त्या वेळी तिला अंधार लागतो, डोक्यावर छप्पर लागतं. थोडक्यात आडोसा लागतो.

आता, नारळाची अर्धी करवंटी घ्यायची, कडेला दार कापायचं आणि मातीवर पालथी घालायची. झाला आडोसा. पाळणारे सगळे हेच करतात आणि मलाही हे ठाऊक होतं. पण मी करवंटी आणली नाही. मी चिकणमाती आणली आणि अप्पांच्या समोर, जेवणाच्या टेबलावर, गुहा करायला बसले.

मला हातकाम येत नाही. माझी गुहा आधी खचली, मग तिला भेग गेली, मग ती एका बाजूला कलली. अप्पा रस्त्याकडे बघत होते, पण त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळत गेली. वाईट कारागिरी त्यांना सहन होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत असताना मी केलेलं मातीचं फळ त्यांनी रात्रीतून नवीन करून दिलं होतं आणि बाईंनी मला उभं करून विचारलं होतं की हे कोणी केलं.

"ते काय आहे? चप्पल?" अप्पांनी विचारलं.

आडोसा आहे म्हटलं. कशाला लागतो तेही सांगितलं. ते म्हणाले, हे तिच्या अंगावर कोसळेल. मी म्हटलं, मग तुम्ही करा. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला, मला दाखवला आणि मांडीवर परत ठेवला. मी म्हटलं, दुसरा आहे ना. हे मी जरा जोरातच म्हटलं. त्यांनी पुन्हा रस्त्याकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खुर्ची रिकामी. मागच्या खोलीत दिवा लागलेला होता. अप्पा टेबलाशी बसले होते, समोर गुलाबी मेणाचा तुकडा होता आणि कपाळावर घाम होता. मला बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माप कुठे आहे?"

मापाशिवाय त्यांनी आयुष्यात काम केलेलं नव्हतं. जिवंत कोळिणीचं माप घेता येत नाही हे त्यांना पटेना. शेवटी मी बाईसाहेबांची मागच्या वेळची कात आणून दिली. मी ती एका डबीत कापसावर जपून ठेवली होती. आठ पाय, नख्या, केस, सगळं जसंच्या तसं, फक्त आतून पोकळ. अप्पांनी ती भिंगाखाली धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. इतकं चोख माप मला एकाही डॉक्टरने कधी पाठवलं नाही, असं म्हणाले.

मग काम सुरू झालं, आणि ते बघणं माझ्यासाठी शिक्षा होती. डाव्या हाताला काही येत नव्हतं. मेण कापायची सुरी घसरायची. उजवा हात नुसता मेणावर वजनासारखा ठेवायचा आणि डाव्याने कोरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, पण उजवा घरंगळायचा. हत्यारांच्या खणांचं सुटं कपाट उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळं अंग वळवावं लागायचं. खिडकी डावीकडे, त्यामुळे स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडायची आणि ते सावलीवर चिडायचे. मेण खाली पडलं की मी उठायचे आणि ते बस म्हणायचे. गाडी शिकवताना माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो, तो न दाबणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. घरी येऊनही तेच करावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी हात मांडीखाली घालून बसायचे.

मेणाचा घुमट तयार झाला, तो प्लास्टरमध्ये दाबला, मेण वितळवून काढून टाकलं, आणि त्या पोकळीत कवळीची गुलाबी लुगदी भरून साचा पाण्यात शिजवला. उकळत्या पातेल्याशी मला उभं केलं होतं, कारण आमच्या घरात मला एवढंच जमतं असं अप्पांचं मत आहे. निघालं ते बघून मला हसू आवरेना. माणसाच्या टाळूसारखा गुलाबी, चकचकीत घुमट, फक्त दात नव्हते. अप्पांनी आतली बाजू मुद्दाम खरबरीत ठेवली होती, बाहेरची मात्र आरशासारखी घासली होती. त्याला वास राहू नये म्हणून तो बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवला, रोज पाणी बदललं. इतके दिवस ते खुर्चीत बसले नाहीत. रोज घुमटाकडे चक्कर असायची.

शेवटी मी तो पेटीत ठेवला. बाईसाहेब आल्या, पुढच्या पायांनी चाचपडल्या आणि आत शिरल्या. निम्म्याच शिरल्या. मागचं सगळं अंग दाराबाहेर. थोडा वेळ तशाच राहिल्या, मग उलट्या पावली बाहेर आल्या आणि घुमटाच्या माथ्यावर चढून बसल्या. अप्पा म्हणाले, सवय होईल. पण त्यांचा आवाज पडला होता.

नेमके त्याच संध्याकाळी दादा आणि वहिनी आले. रविवार जवळ आला होता, काय काय न्यायचं ते बघायला. मागच्या खोलीत मेणाचा कचरा, प्लास्टरचे डाग, हत्यारं बाहेर. वहिनी खूश झाल्या, त्यांनी अप्पांना सरळ सांगितलं की तुम्हाला असं बघून बरं वाटलं. दादा पेटीसमोर उभा राहिला, बाईसाहेबांना गुलाबी टाळूवर बसलेलं बघितलं आणि फोनवर काहीतरी शोधलं. त्याला हुशारी दाखवायची नव्हती, मदतच करायची होती.

"अगं, यात एवढं काय आहे? सगळे अर्धी करवंटी पालथी घालतात. इथे दिलंय."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. "होतं," म्हटलं.

"म्हणजे चेंडूच दिलास की मला. फक्त आठ पायांचा."

मी त्यांना तोंडावर सांगितलं की होय, दिला. तुम्ही टेबल न्या म्हणालात आणि माझं काळीज चरकलं, तुम्हाला त्या खुर्चीत संपताना मला बघायचं नाही, त्यासाठी मी दहा कोळिणी घरात आणीन. दादा म्हणाला, जाऊ दे, भांडू नका. वहिनींनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. अप्पा भिंतीला धरत पुढच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले. मागचा दिवा मलाच बंद करावा लागला.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. अप्पांना मी दुखावलं होतं, आणि कोळिणीच्या जिवाशीही खेळले होते. निदान एक गोष्ट तरी सुधारायची म्हणून सकाळी मी नारळ फोडला, करवंटी घासूनपुसून दार कापलं. पेटीचं झाकण उघडून करवंटी आत ठेवणार, तोच मागून काठीचा आवाज आला.

"ते काढ बाहेर," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, अप्पा, हिची वेळ भरत आलीय, आता हट्ट नको. त्यांनी खुर्ची पेटीजवळ ओढली आणि बसले.

"माझी कवळी टोचते म्हणून गिऱ्हाईक परत आलंय. त्याला काय शेजारच्या दुकानात पाठवू? सवय होईल असं मी काल म्हटलं. तसं मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. तुझ्याशी मी नंतर भांडेन. आधी हिचं काम."

मग त्यांनी कातेची डबी मागितली. कात एका हातात आणि नजर पेटीत, असे ते बसून राहिले. कधीची आहे, असं विचारलं. मागच्या वेळची, म्हटलं. तिने टाकून दिलेली. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ते चक्क हसायला लागले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. एका बाजूचं तोंड हसत होतं, पण हसत होतं.

माणसाचं तोंड जागच्या जागी असतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माप घेतलं त्या दिवशी होतं तसंच ते कवळी बसवताना असतं, त्यात केसाची फट राहिली तरी काम वाया. तोच नियम त्यांनी इथे लावला होता. "आणि ही बया तर यातून कधीच निघून गेलेली आहे. मी तिला परत त्यात कोंबतोय. वर उताणी पडायला जागाही ठेवली नाही." मग त्यांनी विचारलं, "या वेळी केवढी होईल?"

"मला काय माहीत? ती झाल्यावर कळेल."

"मग फट ठेवू," अप्पा म्हणाले. हे म्हणताना त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं. फट हा त्यांच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द.

दुसरा घुमट त्यांनी मापाशिवाय केला. पाण्यात ठेवायला वेळ नव्हता, म्हणून कवळीची लुगदी नको म्हणाले, साधी चिकणमातीच घेतली, माझीच उरलेली. डाव्या हाताच्या बोटांनी ती थापली, आणि उजव्या हाताची मूठ आतून टेकू म्हणून दिली. ती मूठ आता उघडत नव्हती, त्यामुळे टेकू म्हणून अगदी पक्की होती. माती मुठीवर घुमटासारखी बसली, मग त्यांनी मूठ हळूच काढून घेतली आणि आतली जागा बोटांनी आणखी मोठी केली. मोठी, अजून मोठी. मी म्हटलं, पुरे, अप्पा. ते म्हणाले, तू गप्प बस, तुझी चप्पल मी पाहिलेली आहे. वाळल्यावर त्याला एकही भेग गेली नाही. दिसायला तो घुमट ओबडधोबड होता, त्यावर बोटांचे ठसे होते, आणि अप्पांनी तो घासायला घेतला नाही.

बाईसाहेब आत गेल्या. सगळ्या गेल्या. आत वळून बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दाराशी मातीचा ढीग लावून त्यांनी वाट बंद करून टाकली होती. आता काही करायचं नव्हतं. घुमट उचलून बघायची मला हुक्की यायची आणि अप्पा काठी आडवी धरायचे. आत ती जिवंत आहे की पाय अडकून मेली आहे, काही कळायला मार्ग नव्हता.

दुसरी काळजी रविवारची. मी अप्पांना म्हटलं, दादाला फोन करून सांगा, येऊ नको म्हणून. ते म्हणाले, येऊ दे त्याला. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तेच म्हणाले. मी विचारलं, म्हणजे टेबल देणार तुम्ही? एवढं सगळं करून? ते वाकून पेटीत बघायला लागले. मी दार आपटून कामावर गेले आणि त्या दिवशी माझ्याकडे शिकायला आलेल्यांची काही धडगत नव्हती.

रविवारी सकाळी पेटीतला मातीचा ढीग बाजूला सरलेला होता. दाराबाहेर चुरगळलेली जुनी कात पडली होती, आणि आत, अंधारात, बाईसाहेब बसल्या होत्या. रंगाने उजळ, आणि आधीपेक्षा नक्की मोठ्या. मी पाय मोजले. आठही होते. मी अप्पांना ओरडून बोलावलं. ते आले, वाकून बघितलं, आणि त्यांनी पहिल्यांदा बघितली ती फट. ती आता जेमतेम उरली होती. "बसली," एवढंच म्हणाले, कवळी बसली की म्हणायचे तसं.

दादा आणि सुतार आले तेव्हा अप्पा मागच्या खोलीत उभे होते. दाढी केलेली, काठी हातात. टेबलावरची हत्यारं त्यांनी आधीच काढून खिडकीत ठेवली होती. ते बघून मी दारातच थबकले. सुताराने एक टोक धरलं, दादाने दुसरं, आणि टेबल दाराच्या दिशेने हललं.

"तिकडे नाही," अप्पा म्हणाले. "तोंड फिरवा त्याचं. पलीकडच्या भिंतीला लावा. खिडकी माझ्या उजवीकडे आली पाहिजे, आणि खणांचं कपाट डावीकडे."

दादाने टेबल खाली ठेवलं. त्याला कळायला जरा वेळ लागला, मग तो हळू आवाजात म्हणाला की अप्पा, हात बरा झाला की हे सगळं पुन्हा फिरवावं लागेल.

"हा हात बरा होणार नाही," अप्पा म्हणाले. "मी त्याची वाट बघत बसलो होतो. ही तुझी बहीण पण बघत होती. आता कोणी बघायची नाही."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. ते खरं बोलत होते. मी टेबलासाठी भांडले, पण मला हवे होते ते जुने अप्पा, उजव्या हाताने झरझर दात लावणारे, आणि ते कधी येणार नव्हते. समोर होते ते हे, काठी घेतलेले, तिरपं हसणारे, आणि यांनी कोणाला न विचारता आपली जागा ठरवली होती.

"रडायचं ते नंतर," अप्पा म्हणाले. "त्या दोघांना पेलत नाहीये. तू मधून धर."

मी डोळे पुसले आणि मधून धरलं.